अक्रियाशील सभासद

आमच्या दूध संघाचं विजेचं बिल निम्म्यावर आलं आणि आबासाहेब गेले.

हे वाक्य विसरा. तसं काही झालेलं नाही. बिल होतं तिथंच आहे आणि आबासाहेब मुंगूसवाडीच्या पारावर बसलेले आहेत. हवं तर फोटो दाखवतो. फोटोत ते जसे दिसतात तसेच प्रत्यक्षातही दिसतात, अडचण तेवढीच आहे.

मी कानिफनाथ. शेवगावात एका दूध संघाचा संगणक विभाग आहे, तो मीच. विभागात दुसरं कुणी नाही. गावोगावच्या डेअरीवर दूध मोजलं जातं, फॅट काढली जाते आणि आकडे आमच्या सर्व्हरवर येतात. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा संगणक. स्वतःहून त्याला काही सुचत नाही, पण विचारलं तर सांगतो. या बाबतीत तो आमच्या संचालक मंडळापेक्षा बरा.

सर्व्हरची खोली पूर्वी खव्याची होती. भिंतींना अजून आंबूस गोड वास आहे आणि तो एसीने गार होऊन जास्तच अंगावर येतो. आत तीन यंत्रं. दोन नवी, तिसरं इतकं जुनं की त्याला आम्ही नुसतं ‘जुनं’ म्हणायचो. ते चालू झालं की मळणी सुरू झाल्यासारखा आवाज येई.

आमचे व्यवस्थापक शामकांत साहेब. माणूस सज्जन, पण खोलीतून जाताना पंखा बंद करून जातात, मागे कोण बसलंय हे न बघता. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. समोर विजेचं बिल होतं.

“कानिफनाथ, ही यंत्रं दुपारी काय करतात?”

“चालू असतात, साहेब.”

“कुणासाठी?”

दूध सकाळी येतं, संध्याकाळी येतं. दुपारी सर्व्हरला कुणी काही विचारत नाही, तरी तो पूर्ण ताकदीने जागा राहून वीज खातो.

“यांना झोपवता येत नाही का?”

येतं. त्यातच तर सगळी मेख आहे. काम नसलं की यंत्राने किती गाढ झोपायचं हे ठरवून देता येतं. डुलकी दिली तर हाकेसरशी उठतं, पण वीज फारशी वाचत नाही. गाढ झोपवलं तर वीज खूप वाचते, पण उठायला वेळ लागतो. बचत आणि चपळाई या दोघींना एका घरात नांदवायचं, म्हणजे माझी नोकरी.

मी तोडगा काढला, आणि तो काढला तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. सहकारात ‘अक्रियाशील सभासद’ म्हणून एक जात असते. ज्याचा शेअर आहे पण जो दूध घालत नाही, असा माणूस. आमच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांत हे पुष्कळ. जोडपी हंगामाला ऊसतोडीला जातात, पोरं शाळेच्या वसतिगृहात, घरी म्हातारी माणसं. त्यांच्याने जनावराचं होत नाही. म्हैस विकली जाते आणि खातं तसंच राहतं. वर्षानुवर्षं ते कुणी उघडत नाही. ही सगळी खाती मी जुन्या यंत्रावर नेली आणि यंत्राला सर्वांत गाढ झोप दिली. विचारल्याशिवाय उठायचं नाही.

हिशेब विभागाच्या राजेश्वरी मॅडम माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

“म्हणजे ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना झोपवायचं.”

“फक्त खाती, मॅडम.”

“आणि कुणी विचारलंच तर?”

“उठतील की. जरा वेळ लागेल.”

“माझ्या सासऱ्यांसारखं,” त्या म्हणाल्या आणि आम्ही हसलो. जुन्या यंत्राचा पंखा गरगरत मंदावला आणि थांबला. खोलीत मला पहिल्यांदाच एसीचं पाणी ठिबकताना ऐकू आलं.

मी मुंगूसवाडीला राहतो, माझी आत्या कडूबाई हिच्याकडे. गावात मुंगूस नाही. असलं तर तेही तोडीला गेलं असणार. माझे आईवडील दर हंगामाला ऊस तोडायला जायचे आणि मला आत्याजवळ ठेवायचे. पुढे दोघंही वारले आणि मी आत्याचाच झालो. जगात मला ‘जेवला का’ असं उत्तराच्या अपेक्षेने विचारणारं माणूस तेवढं एकच.

दिवस हुरड्याचे होते. त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मी दुपारी अंगणात मोटारसायकल पुसत होतो. आत आत्या भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, मग धूर आला. मी आत गेलो. आत्याचा एक हात पिठावर होता, दुसरा हवेत. डोळे उघडे होते. चुलीचा जाळ तिच्या बांगड्यांवर हलत होता, हलत होतं ते तेवढंच.

“आत्या?”

हात खाली आला. थप्. “काय रं?”

“काय झालं?”

“कुठं काय? भाकर थापतीय.” तिने तव्याकडे पाहिलं. “आगं बया! कुनी जाळली ही?”

मी म्हटलं, मी जाळली. वाद मिटला.

आबासाहेबांचं तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते दुपारभर पारावर बसून, त्यांच्या पांढऱ्या बैलाने आख्खी वरात ओढ्यातून कशी वर काढली, ती गोष्ट सांगायचे. ऐकताना मधूनच उठून जायची पद्धत गावात आधीपासूनच होती. मी त्यांना “आन् मंग त्यो बैल” इथे थांबलेलं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना “आबा, येतो” म्हणालो. मी किक मारली, गाडी वळवली, तेवढ्यात मागून आवाज आला, “खाली बसला.”

यानंतर मी बघायला लागलो. बघायला लागलं की दिसतं, ही वाईट सवय आहे डोळ्यांची.

भर उन्हात गाव थांबलेलं असे. कुणाच्या हातात अडकित्ता, त्यात अर्धी कापलेली सुपारी. ओट्यावरची सावली सरकून जाई आणि तिच्यात बसलेली म्हातारी ऊन तोंडावर घेत तशीच. मुंग्यांची रांग एका पावलावर चढून पलीकडे उतरे. मारुतीसमोर एक जण हात जोडून उभे होते. चिमण्या त्यांच्या खांद्यावर बसून एकमेकींशी भांडत होत्या. नावाने हाक मारली की सगळे उठत आणि अर्धवट राहिलेलं पुरं करत. पण हाक आणि उठणं यातलं अंतर वाढत होतं. सुरुवातीला श्वासाचं. मग तांब्याभर पाणी पिण्याचं. मग आडावर जाऊन परत येण्याचं.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर येऊन गेले. आत्याचं मनगट धरून ते बराच वेळ बसले. “नाडी आहे,” ते शेवटी म्हणाले. “मोजायला धीर पाहिजे.” मग त्यांनी तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. आमच्याकडे सगळ्याला जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात.

माझ्या डोक्यात जे आलं ते सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी ते फक्त राजेश्वरी मॅडमना सांगितलं.

“कानिफ, तू जेवतोस ना वेळेवर?”

“मॅडम, एकदाच. मी उद्या घरी थांबतो. आत्याचं खातंही झोपवलेल्यांत आहे. फोन केला की ते उघडा. बास.”

“आणि काही झालं नाही तर?”

“तर मी डॉक्टरकडे जाईन. माझ्यासाठी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या उंबऱ्यात बसली होती. मांडीवर सूप, सुपात ज्वारी. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. अंगणात जाऊन हळू आवाजात मॅडमना फोन केला आणि परत येऊन तिच्यासमोर बसलो.

“उघडतेय,” मॅडम म्हणाल्या. “चक्र फिरतंय... फिरतंय... अरे, तुझं ते जुनं जागं झालं वाटतं, इथपर्यंत आवाज येतोय.”

आत्याची करंगळी हलली.

“अजून फिरतंय. आलं. कडूबाई, मुंगूसवाडी. शिल्लक काही नाही. कानिफ? ऐकतोयस ना?”

आत्याने मान वर केली. माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यावरून, शेवगाव ज्या दिशेला आहे त्या भिंतीकडे.

“कोन इचारतंय?” ती म्हणाली.

मॅडमनी फोन ठेवला. त्यांना ते ऐकू गेलं होतं.

मी तडक शेवगावला गेलो आणि जुन्या यंत्राची झोपच काढून टाकली. पूर्ण ताकद, कायम जागं. पंखा बोंबलायला लागला. मला वाटलं, मिटलं.

घरी आलो तर आत्याने अंगण सारवलं होतं, ओलं असतानाच परत सारवलं होतं आणि आता तिसऱ्यांदा शेण कालवत होती. गल्लीत सगळ्या म्हाताऱ्या काही ना काही घासत होत्या. आबासाहेब एका दमात बोलत होते. बैलाची गोष्ट संपली, भावकीच्या गोष्टी संपल्या. जुन्या संपल्या तेव्हा त्यांनी पुढच्या सुरू केल्या. कुणाकुणाच्या नातवंडांची लग्नं कशी मोडली ते सांगत होते. ती नातवंडं अजून जन्मायची होती.

कुणी निजलं नाही. कुणाला निजताच येईना. सकाळी आत्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढला. ताप असा नसतो. यंत्राच्या मागच्या जाळीतून जी कोरडी धग येते, ती होती.

“कानिफ,” ती जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली. जात्यात दाणा नव्हता. “लई झालं रं. जरा निजू दी की मला.”

आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

म्हणून मग मी मधलं काढलं. यंत्राने निजायचं, पण उथळ. आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक खातं क्रमाने उघडायचा, ‘हाय का?’ असं पाहायचा आणि पुढच्या खात्याकडे जायचा. दिवसभर हेच. इतका निरुपयोगी प्रोग्राम मी कधी लिहिला नव्हता आणि इतका काळजीपूर्वकही.

जमलं. आत्या दुपारी कलंडायची, चहाला उठायची, माझ्या शर्टाच्या कॉलरवरून मला बोलायची. आबासाहेबांचा बैल रीतसर ओढ्यात उतरला आणि वर आला. मी खूश होतो. बिल सोडून सगळं खाली आलं होतं.

शामकांत साहेबांनी विचारलं, “या बंद खात्यांना दिवसभर कोण विचारत असतं?”

“कुणी नाही, साहेब.”

“मग?”

“म्हणूनच, साहेब.”

जाताना त्यांनी पंखा बंद केला.

मग गुरुवार आला. वीज कंपनीने देखभालीसाठी दिवसभर वीज बंद ठेवली. देखभाल म्हणजे काय हे कुणी पाहिलेलं नाही. जनरेटर होता, पण तो दूध गार ठेवायच्या टाकीला. दूध नासतं. सर्व्हरची बॅटरी केविलवाणी टीटी करत राहिली. मी साहेबांकडे धावलो.

“साहेब, जनरेटरची एक वायर जुन्या यंत्राला द्या.”

“त्यावर काय आहे?”

“अक्रियाशील सभासद.”

“संध्याकाळी वीज येईल, कानिफनाथ. तेवढ्याने काय मरतात का?”

टीटी थांबली.

मी गाडी काढली. जाताना मॅडमना म्हटलं, “वीज आली की आधी जुनं चालू करा.” त्या नुसत्या मान हलवत होत्या.

मुंगूसवाडीच्या रस्त्यावर वाऱ्याशिवाय काही नव्हतं.

पारावर आबासाहेब बसले होते. तोंड उघडं, एक हात वर. मी हाक मारली. थांबलो. परत मारली. त्यांच्या डोळ्यावर माशी बसली. पापणी लवली नाही.

मनगट धरलं. धीर धरला. अजून धरला.

सोडलं.

आत्याला आधी बघायला हवं होतं.

ती उंबऱ्यात होती. हातात माझा शर्ट, दोऱ्यात लोंबणारं बटण.

“आत्या!”

काही नाही.

मी समोर उभा राहिलो. हात तोंडाशी नेऊन जोरात हाक मारली. “आत्या!” आणि वाट पाहिली.

“कानिफ.”

आवाज बसलेला होता.

“कानिफ. आरं कानिफ.”

आत्या माझ्यासमोर उभी होती. माझे खांदे धरून. तिचे डोळे लाल होते. घरातला दिवा लागलेला होता. ऊन अंगणातून गेलं होतं. माझा हात अजून तोंडाशी होता आणि त्याला मुंग्या आल्या होत्या. दोन्ही प्रकारच्या.

“कवाधरनं हाका मारतीय तुला,” ती म्हणाली. “घसा फुटला माझा. कुठं गेल्तास?”

मी म्हणालो, “कुठं नाही. हाक मारत होतो.”

शर्टाचं बटण लावून झालं होतं. शर्ट घडी घालून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी माझं नाव शोधलं. वडिलांच्या पश्चात त्यांचा शेअर वारसाने माझ्या नावावर झाला होता. मी जन्मात कधी थेंबभर दूध घातलेलं नाही. खातं जुन्या यंत्रावर होतं. मीच नेलेलं, बाकीच्यांबरोबर, न बघता. कचेरीत दिवसभर “कानिफ, प्रिंटर बघ” चालू असतं, म्हणून मला कळलं नव्हतं. ते परत नव्या यंत्रावर नेऊन पाहिलं. माझंही, आत्याचंही. काही फरक पडला नाही. एकदा झोपायला शिकवलेलं पुसता येत नाही असं दिसतंय.

संध्याकाळी वीज आली तसे गावातले बाकीचे उठले. आबासाहेबांकडे डॉक्टर दोनदा येऊन गेले. मृत्यूचा दाखला देता येत नाही, म्हणतात. नाडी लागली नाही हे खरं, पण नाडी नाहीच असं म्हणायला किती वेळ थांबायचं हे त्यांच्या पुस्तकात नाही. अंग कडक झालेलं नाही. वास नाही. नखं वाढतात, असं आत्या म्हणते. तीच कापते. मुलगा तोडीवरून येईस्तोवर त्यांना पारावरच ठेवलं आहे, ऊन आलं की सरकवतात. मी जाता-येता “आबा” म्हणतो आणि थोडा थांबतो. परवा मागे वळून पाहिलं तर वर असलेला हात थोडा खाली आल्यासारखा वाटला. वाटला असेल.

आत्या आणि मी आता ठरवून घेतलंय. वीज गेली की एकमेकांना हाका मारायच्या. पण दोघंही एकदम थांबलो तर पहिली हाक कुणी मारायची, हे आम्हाला ठरवता आलेलं नाही. राजेश्वरी मॅडमनी मारली असती, पण त्यांची संगमनेरला बदली झाली. त्यांनी ती मागूनच घेतली.

त्यामुळे हा अर्ज वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात दिला आहे. आवक शिक्का घेतला आहे.

*

प्रति, मा. उपविभागीय अभियंता साहेब.

विषय : देखभालीच्या दिवशी ग्राहकांना नावाने हाक मारण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, देखभालीसाठी वीज बंद केल्यापासून ती पूर्ववत होईपर्यंत आपल्या कार्यालयातील एका जबाबदार कर्मचाऱ्याची नेमणूक करून सोबतच्या क्रमांकांवर सतत फोन करण्यात यावा. फोन उचलला गेल्यास समोरच्या व्यक्तीस पूर्ण नावाने हाक मारावी. इतर काही बोलण्याची आवश्यकता नाही. अनुक्रम पुढीलप्रमाणे ठेवावा : प्रथम कडूबाई, नंतर अर्जदार. आबासाहेबांचा फोन त्यांच्या खिशात असून तो आपोआप उचलला जाईल अशी व्यवस्था केलेली आहे, तरी त्यांचे नाव वगळू नये.

पलीकडून उत्तर न आल्यास संबंधित कर्मचाऱ्याने फोन ठेवू नये. त्याची कामाची वेळ संपल्यास त्याने तो चालू स्थितीत पुढच्या कर्मचाऱ्याकडे सोपवावा, ही नम्र विनंती.